दर सोमवारी तो रडतो, परत बोलावून घेऊ का?

प्रश्न एका आईचा, अमेरिकेतल्या दक्षिण आयडाहोमधून आलेला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) १९ वर्षांचा मुलगा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी (धर्मप्रचारक) म्हणून २ वर्षांसाठी जपानला, साप्पोरोत गेला होता. तिथला तिसराच आठवडा. "प्रत्येक व्हिडिओ कॉलवर रडतो, घरी यायचंय म्हणतो. पोर कच्चं निघालं का? बोलावून घेऊ?" वडील मात्र बोलवायचं नाही यावर ठाम होते. त्यांच्या काळी घरी वर्षातून दोनच फोन, नाताळला आणि मदर्स डेला. दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली ती फेब्रुवारी २०१९ पासून.

पोर कच्चं नव्हतं. अमेरिकेतल्याच प्रोव्हो शहरातल्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रात ९ आठवडे जपानी शिकताना भोवती त्याच्याच वयाची, त्याच्याच भाषेची मुलं होती. तिथून एकदम बर्फातलं शहर, समोरच्याचं निम्मंही न कळणारं बोलणं आणि एक अनोळखी जोडीदार, ज्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात सतत राहायचं. साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवा बंद. हाक मारायचं नावही गेलं, आता 'एल्डर' आणि पुढे आडनाव. घरी मन बिघडलं की हा मुलगा गाडी काढून एकटाच भटकायचा, हेडफोन लावून पडायचा, मित्रांबरोबर गेम खेळायचा. हे सारे उपाय एकाच दिवशी बंद झाले. घरची आठवण सगळ्यांनाच येते, पण ती हलकी करायचं साधन हाती नसलं की साचत जाते. बरीच कुटुंबं अशा वेळी श्रद्धाच कमी पडली असं समजतात. मग मुलाला अपराधी वाटतं आणि ते आणखी खचतं.

पहिलं काम म्हणजे ही घरची ओढ आहे की नैराश्य, हे पाहणं. झोप किती, जेवण जातं का, कशात तरी रमतो का, आणि मरणाचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न आडवळणाने नको, सरळ विचारावा. विचारल्याने तसे विचार मनात भरत नाहीत. हा मुलगा ७ तास झोपत होता, जेवत होता, सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉल खेळताना हसत होता. झोप-भूक २ आठवडे उडालेली असेल, सतत घाबरायला होत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी मिशन अध्यक्षांना, म्हणजे तिथल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, फोन करावा आणि मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाशी गाठ घालून देण्याचा आग्रह धरावा.

मग कॉलची वेळ. तो सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, दुपारी ४ वाजता करायचा, तेव्हा आयडाहोत रात्रीचे १२. आई पेंगुळलेली, आणि कॉल संपला की त्याला तासा-दोन तासांत पुन्हा कामावर निघायचं. वेळ सकाळी ९ वर आणली. घरी रविवारची संध्याकाळ, सगळे जागे. त्याच्यापुढे कपडे धुणं, बाजार, खेळ असा अख्खा दिवस, त्यामुळे रडू आलं तरी ओसरायला जागा. पहिली १० मिनिटं तक्रार मध्ये न तोडता ऐकायची. नंतर बारीक प्रश्न: काय शिजवलं, कोणतं वाक्य पहिल्यांदा समोरच्याला कळलं. "घरी यायचंय का?" हे आईने विचारायचं नाही. तिच्या मायेपोटी आलेल्या त्या प्रश्नाने त्याचा निर्णय दर आठवड्याला नव्याने उकरला जात होता.

एकांत नियमात बसवता येतो. जोडीदारांची आठवड्यातून एकदा आपसातल्या गोष्टी बोलायची बैठक असते. तिथे त्याने मागितलं: रात्रीच्या जेवणानंतर २० मिनिटं, एकाच खोलीत पण गप्प. त्या वेळात तो डायरी लिहू लागला. सकाळच्या अर्ध्या तासाच्या व्यायामात जोर-बैठकांऐवजी धावणं घेतलं, जोडीदाराला सोबत घेऊन.

परत यायचा निर्णय तिथे कामावर असतानाचं १२ आठवड्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण संपेपर्यंत कुणीच घ्यायचा नाही, असं ठरलं. दर ६ आठवड्यांनी बदल्या होतात, जोडीदार किंवा गाव बदलू शकतं, आणि निम्मा त्रास कधीकधी तिथेच सुटतो. मात्र यायची वेळ आलीच तर घरी राहून करायची सेवा-मिशनही असते, हे वडिलांनी स्वतः त्याला सांगावं असा आग्रह मी धरला. आई सांगते तेव्हा मुलाला ती दया वाटते.

वडिलांना ते जड गेलं. सहाव्या सोमवारी सांगितलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने खोलीतला रॉकेलचा हीटर कसा पेटवतात ते कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं.