प्रवर्तकांचे ६० टक्के इथे चालत नाहीत

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. एका लिस्टेड कंपनीचे ४०० शेअर्स माझ्याकडे आहेत. चेअरमनच्या मुलाच्या प्रायव्हेट लिमिटेडकडून कंपनी जमीन घेणार आहे. त्याला भागधारकांची मंजुरी मागणारी नोटीस ईमेलवर आली. भाव फार चढा वाटतो. प्रवर्तकांकडे (कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे) ६० टक्के शेअर्स असताना माझ्या मताने काय होणार? शेअर्स विकून मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, शेअर्स विकायचे की ठेवायचे हे तुम्ही ठरवा. पण मत वाया जाणार म्हणून विकू नका. हा ‘संबंधित पक्षाशी व्यवहार’ आहे, म्हणजे कंपनीचा आपल्याच जवळच्या माणसांशी व्यवहार. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतील नियम २३ प्रमाणे असा मोठा व्यवहार मंजुरीला आला की कुठल्याही संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही, आणि प्रवर्तक संबंधित पक्षच असतात. म्हणजे निकाल लागतो तो उरलेल्या ४० टक्क्यांतून, तोही प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर. घरी बसलेल्याचे मत विरोधात धरत नाहीत, ते मोजलेच जात नाही. नोटीस न उघडणाऱ्या लहान भागधारकांमुळे असे ठराव पास होताना मी पाहिले आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. तुम्ही एकट्याही नाही : म्युच्युअल फंडांना एप्रिल २०२१ पासून अशा ठरावांवर मत देणे सक्तीचे आहे.

नोटिशीच्या शेवटी कंपनी कायद्याच्या कलम १०२ खालचे स्पष्टीकरण असते, ते सावकाश वाचा. किंमत कशी ठरवली? मूल्यांकन कोणी केले, कोणत्या तारखेला? आसपासच्या कोणत्या खरेदीखतांशी तुलना केली? नुसते ‘बाजारभावाने’ लिहून सोडले असेल, तर कंपनी सेक्रेटरीला ईमेल करून मूल्यांकन अहवालाची प्रत मागा. तो ईमेल जपून ठेवा, पुढे तोच कामी येतो.

डिसेंबर २००८ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या घ्यायचे ठरवले, तेव्हा भागधारकांना विचारलेही नव्हते. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. आज तुम्हाला विचारणे भाग आहे, म्हणून तर ही नोटीस आली.

नोटिशीतल्या कट-ऑफ तारखेला (मताचा हक्क कोणाला हे ज्या दिवसावरून ठरते त्या दिवशी) शेअर्स तुमच्या डीमॅट खात्यात हवेत. ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होते, आणि दिलेले मत बदलता येत नाही.

सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत निकाल एक्स्चेंजच्या वेबसाइटवर येतो. त्यात प्रवर्तकांची ओळ वेगळी असते. त्या ओळीत ‘बाजूने’ खाली शून्याशिवाय दुसरा आकडा दिसला, तर त्या पानाची प्रत काढा आणि नोटीस व तुमचा ईमेल जोडून सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. किमान १०० सभासद एकत्र आले तर एनसीएलटीचे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे) दारही उघडे आहे, पण तो रस्ता लांबचा आणि खर्चिक. आधी लॉग-इन करून मत द्या.