कान धर

"माझं काही चुकलेलं नसतं, तरी मीटिंगमधून बाहेर पडताना लाज का वाटते?" न्यू जर्सीत समुपदेशन करताना कृष्णवर्णीय बायकांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. त्यांतल्या एकीची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

चाळिशीची, हिशेब खात्यात वरच्या पदावर. एकदा तिनं साहेबांचा आकडा चुकल्याचं दाखवलं. ते म्हणाले, "एवढं चिडायला काय झालं?" ती चिडली नव्हती. तेव्हापासून पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून ती आपलीच वाक्यं मऊ आवाजात घोकते, मग आत जाते.

मी आधी आत्मविश्वासावर बोलत बसले. चुकलंच माझं, आत्मविश्वास तिच्याकडे माझ्याहून जास्त होता. 'संतापी काळी बाई' हा अमेरिकेतला जुना शिक्का आहे. गोऱ्या बाईवर तो बसत नाही, काळ्या पुरुषावर बसतो तो वेगळाच, गुंडाचा. दाद मागायची तरी कशाची, रंगाची की बाईपणाची? १९७६ साली जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्यात पाच कृष्णवर्णीय बायकांना न्यायालयानं सांगितलं, की या दोन तक्रारी एकत्र बांधता येणार नाहीत. कंपनी बायकांना घेत होतीच. त्या गोऱ्या होत्या, एवढंच. किंबर्ले क्रेनशॉ या कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ साली नेमकं यावर बोट ठेवलं. मी हा खटला सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

मग केसांचं निघालं. लहानपणी दर रविवारी आई गॅसवर लोखंडी फणी तापवून तिचे केस सरळ करायची. "कान धर, हलू नकोस." कान भाजू नये म्हणून. आपल्याकडे कान धरतात ते चूक कबूल करताना. मला तेच आठवत राहिलं. केसांवरून भेदभाव करायला न्यू जर्सीनं २०१९ मध्ये बंदी घातली, पण माझ्या खोलीत शिरण्याआधी तिचा हात अजूनही कपाळावरच्या बटांकडे जातो.

पुढच्या वेळी ती आईशी फोनवर बोलून आली. आई म्हणाली होती, "तुला कुणी घाणेरडी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं." हे सांगता सांगता तिचा आवाज चढला, खरंच चढला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर टकटक केली. ती एकदम थांबली.

"बोला," मी म्हटलं.