पट्टी रुग्णालाच बांधू दे

प्रिय मित्रा,

सोलापुरात निसर्गोपचाराचं काम सुरू करतो आहेस, तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. रुग्ण तुझ्यापुढे फार तर तासभर असतो; बाकीचा दिवस तो यंत्रमागावर असतो, नाहीतर विड्या वळत बसलेला असतो. घरी जे त्याला करता येत नाही, ते तू शिकवलंच नाहीस असं समज. उरुळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी काम सुरू केलं, तेव्हाही आग्रह हाच होता: गरिबाला स्वतःचा उपचार स्वतः करता यावा. म्हणून पहिल्याच भेटीत पोटाची ओली पट्टी त्याच्याच हातांनी बांधून घे.

जुन्या धोतराचं कापड, वीतभर रुंद, पोटाभोवती दोन वेढे बसतील एवढं. थंड पाण्यात बुडवून थेंब गळणार नाही इतकं पिळायचं आणि बरगड्यांखालून ओटीपोटापर्यंत गुंडाळायचं. वर कोरडं लोकरीचं किंवा फलालीनचं कापड, ओल्याच्या दोन्ही कडा झाकतील असं. वेळ ४५ मिनिटं ते तास, जेवणानंतर तीन तास तरी गेल्यावर. पोटात अचानक जोराची कळ येत असेल तर पट्टी नाही, सरळ दवाखाना.

चुका ठरलेल्या आहेत. इथे घरोघरी टॉवेल, म्हणून जाड टॉवेलच गुंडाळतात. तो पाणी धरून ठेवतो, अंगाच्या उबेने तापत नाही. वर पंखा चालू. आणि एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी एवढं तापतं की थंड पट्टीला अर्थच राहत नाही. माठातलं पाणी घ्यायला सांग. दहा-पंधरा मिनिटांत पट्टी उबदार व्हायला हवी. वीस मिनिटांनीही गारच असेल तर काढून पोट कोरड्या कापडाने चोळायचं आणि कारण शोधायचं: पिळली कमी, वरचं कापड सैल, की आधीपासून पायच गार होते? हे तुला दिसणार नाही, त्यालाच बघावं लागेल. म्हणून ‘बरं वाटतंय का?’ असं विचारू नकोस. माणसं मान ठेवून हो म्हणतात. ‘पट्टी किती वाजता बांधली, ऊब कधी आली?’ असं विचार.

पहिला आठवडा आहारात काही बदलू नकोस, फक्त लिहून घे: काय खाल्लं, झोप, शौच, भूक. भाकरी-शेंगाचटणी लगेच बंद करायला सांगणारे मला पटत नाहीत. रक्तदाब असेल तर चटणीतलं मीठ बघावं, पण रातपाळीतला चहा-खारी आधी बघ. एका वेळी एकच बदल; दोन केले तर गुण कशाचा ते ना त्याला कळेल, ना तुला.

मात्र हे त्याच्यावर सोडायचं नाही: इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने घरी परस्पर उपास करायचा नाही, औषधही त्याच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कमी करायचं नाही. घाम, थरथर, साखर ७० च्या खाली, असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला गरम पाण्याचं पादस्नान देऊ नकोस. भाजलेलं त्याला कळत नाही.

वही न आणणाऱ्यावर रागावू नकोस. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू दे: पट्टी केली की गोल, पोट साफ झालं की फुली. पुढच्या भेटीला ते कॅलेंडरच घेऊन यायला सांग.