पास्टोरेट कमिटीवर निवडून आलेल्या एका तरुणीस

प्रिय बाळ,

जय ख्रिस्त.

तुझे पत्र पोहोचले. पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, तुझी निवड झाली आणि पहिल्याच सभेत उपासनेची व्यवस्था तुझ्याकडे सोपवली गेली, हे वाचून आनंद झाला. तू विचारतेस की रविवारच्या उपासनेचा छापील क्रम निम्म्यावर आणून उरलेला वेळ गीतांना आणि उत्स्फूर्त प्रार्थनांना द्यावा काय, कारण तुझ्या वयाची मुले पुस्तकातली तीच तीच वाक्ये म्हणून कंटाळली आहेत आणि त्यांतली काही गावाबाहेर हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या सभांना जाऊ लागली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. चाली बदल, वाद्ये बदल, उपदेश वीस मिनिटांत आटपावा असा आग्रहही खुशाल धर. उपासनेच्या क्रमाला मात्र कात्री लावू नकोस.

हा क्रम केवळ जुना आहे म्हणून जपावा, असे मी म्हणत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन आपली उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, अस्तित्वात आली, तेव्हा बिशप मानणारे अँग्लिकन, बिशप न मानणारे प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल, आणि बालकांचा बाप्तिस्माच अमान्य असणारे बॅप्टिस्ट असे सगळे एका छताखाली आले. बाप्तिस्म्याविषयी त्यांचे एकमत झाले नाही, म्हणून दोन्ही पद्धती मान्य करून ते पुढे गेले. आजही एखादे कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन येते आणि दुसरे कुटुंब मूल जाणते होईपर्यंत थांबते, आणि मंडळी दोघांनाही नाही म्हणत नाही. तुमच्या मंडळीतही कोणाचे आजोळ नगरकडच्या अमेरिकन मिशनचे असेल, तर कोणाचे घराणे इंग्रज मिशनऱ्यांच्या काळापासूनचे अँग्लिकन असेल. ही माणसे दर रविवारी एकाच वेळी उभी राहतात, एकाच वेळी गुडघे टेकतात आणि एकच मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतात, ते त्या क्रमामुळे. तो काढून घेतलास की उपासना ज्याचा आवाज मोठा त्याची होते.

पापांगीकाराचेच, म्हणजे सर्वांनी मिळून दिलेल्या पापांच्या कबुलीचेच, पाहा. तो आरंभी असतो, अनेकवचनात असतो आणि कमिटीच्या चेअरमनपासून घंटा वाजवणाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी तोच असतो. मोकळ्या प्रार्थनेत मनुष्य बहुधा दुसऱ्याच्याच पापांविषयी बोलतो, हे तू थोड्याच दिवसांत अनुभवशील. पाठांची गोष्टही तशीच आहे. जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान यांतले त्या रविवारी नेमलेले भाग वाचायचे, ही पद्धत पाळकावरचा अंकुश आहे. ती नसती तर कित्येक उपदेशक दोन-चार आवडत्या वचनांवर आयुष्य काढते आणि आमोस संदेष्ट्याने सावकारांना व व्यापाऱ्यांना काय सुनावले, ते मंडळीच्या कानी कधी पडलेच नसते. मध्यस्थीच्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि शोकाकुलांसाठी ठरलेल्या जागा आहेत, म्हणून कोणी विसरले जात नाही. आजाऱ्यांची यादी मात्र कोणीतरी ताजी ठेवावी लागते. बरी होऊन बाजारात हिंडणारी बाई तीन महिने यादीत राहते आणि डायलिसिसवर असलेला मनुष्य राहून जातो, असे मी अनेक मंडळ्यांत पाहिले आहे. शनिवारी संध्याकाळी चार फोन करून ती यादी तू स्वतः कर. कमिटीवरच्या कामाची सुरुवात तेथूनच होऊ दे.

संगीताबाबत तुला पूर्ण मोकळीक आहे, कारण मराठी मंडळीने त्या बाबतीत पहिल्यापासूनच हात सैल ठेवला आहे. ऑर्गनवर इंग्रजी चालींत मराठी शब्द कसेबसे बसवून गायचा काळ होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, ओव्या व पदे लिहून मंडळीला तिच्या स्वतःच्या भाषेत गायला शिकवले. ते अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. तरीही ‘उपासना संगीत’ उघडून त्यांची पदे गाताना आपल्याकडे कोणी ती परकी मानत नाही. पेटी-तबल्याला तेव्हा नाके मुरडली गेली असणारच, आज गिटार आणि काहोन (खोक्यासारखे तालवाद्य) यांना मुरडली जातात. तेव्हा तुझ्या मुलांना गिटार घेऊन अवश्य बसव. फक्त त्यांना सांग की दानार्पणाचे गीत थैल्या वेदीपाशी पोहोचेपर्यंत चालायचे असते आणि प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकलेल्या वृद्धांच्या कानाशी स्पीकर ठेवायचा नसतो.

उपासनेनंतरच्या चहाला क्षुल्लक समजू नकोस. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाला लोक पंचहौद म्हणून ओळखतात. तेथील मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि पुण्यातील इतर प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. पुढे त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा त्या काळी इतका महाग होता. आपण त्या कथेला हसतो, परंतु देवालयाच्या अंगणात कोण कोणापाशी कप घेऊन उभा राहतो आणि कोणाच्या घरची सोयरीक कोणाला चालत नाही, याकडे जरा लक्ष देऊन पाहा. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन निघाली असे आपण म्हणतो. काही घरांत ती अजून वाळत घातलेली आहे. पापाची क्षमा मागून झाल्यावर आणि शांतीचे अभिवादन करताना हात हातात घेतल्यावर तासाभरातच ज्याच्याशी बोलायचे टाळले जाते, त्याला चहाचा कप तू नेऊन दे. त्यासाठी ठराव मांडू नकोस. ठराव मांडलास की ती गोष्ट वादाची होते आणि कमिटीत वादाला विषय आधीच पुष्कळ आहेत. मालमत्तेचे वाद तर तुला कोणीतरी समजावून सांगायला येईलच. ऐकून घे, आणि सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाच.

वर्षाचा क्रम तुला बहुतेक पाठ आहे, त्यामुळे त्याविषयी थोडेच लिहितो. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) बारा ते तीनची भक्ती ही आपल्या लोकांची सर्वांत आवडती उपासना आहे; वर्षभर न फिरकणारे त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून उभे असतात, आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या सातांत या वर्षी दोन स्त्रिया आणि एक कॉलेजचा मुलगा असू दे. वक्त्याला वेळ लेखी कळव, नाहीतर तिसऱ्या उद्गारालाच दोन वाजतात. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जायचे असेल तर आठवडाभर आधी गवत काढून घ्यावे लागते, आणि ते काम तरुण संघाइतके चांगले कोणी करत नाही.

हंगामाच्या सणाचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या दिवसाचा, लिलाव मात्र तू स्वतः उभे राहून पाहण्यासारखा आहे. कोणी परसातला भोपळा आणतो, कोणी तांदळाची पिशवी, कोणी कोंबडा, कोणी घरचे लोणचे. भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा देवालयाला देतो, आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा सहाशेला जातो. मोठी बोली लावणाऱ्यांची नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात, आणि आपण देण्याचा उत्सव करतो की देणाऱ्याचा, असा प्रश्न मला तेथे दरवर्षी पडतो. महिला मंडळातल्या ज्या विधवा बाईने वाटीभर गूळ आणला असेल, तो ढिगाखाली जाऊ देऊ नकोस. त्यालाही बोली लागली पाहिजे. पैसे दोघांनी मिळून मोजावेत आणि दोघांच्या सह्या वहीत त्याच दिवशी व्हाव्यात. सोमवारवर ढकललेला हिशेब पुढे भांडण होऊन परत येतो.

शेवटी रजिस्टरांविषयी. बाप्तिस्मा, दृढीकरण (जाणतेपणी विश्वास कबूल करण्याचा विधी), विवाह आणि दफन यांची रजिस्टरे वेस्ट्रीच्या, म्हणजे देवालयातल्या पाळकांच्या खोलीच्या, कपाटात असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याच शेजारी रिकाम्या फुलदाण्या आणि गेल्या नाताळचे तारे कोंबलेले असतात. पासपोर्टसाठी, शाळेच्या दाखल्यासाठी, वारसाहक्कासाठी लोक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नोंद शोधत येतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालच्या नोंदींना तर कोर्टात किंमत आहे. ती पाने वाळवीपासून सांभाळली पाहिजेत. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन कपाट रिकामे कर, रजिस्टरे कोरड्या जागी ठेव, फाटू लागलेल्या पानांचे फोटो काढून घे आणि कोणते रजिस्टर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे आहे याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मंडळीचे नवे वर्ष सुरू होते, त्याआधी हे काम उरकलेले बरे, कारण एकदा कॅरलच्या फेऱ्या सुरू झाल्या की नाताळ होईपर्यंत तुझ्या हाताशी कोणी मोकळे सापडणार नाही.

तुझा,
काका