जुनं मायक्रोलाइट घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन आसनी मायक्रोलाइट (छोटं, हलकं विमान) विकायला आहे. रोटॅक्स 912 इंजिन, 12 वर्षांत फक्त 180 तास उडालंय. रत्नागिरीजवळ शेडमध्ये उभं असतं. घ्यावं का?

उत्तर : ‘फक्त 180 तास’ ऐकून हुरळून जाऊ नका. अलीकडच्या 912 इंजिनांना ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची) मर्यादा 2000 तास किंवा 15 वर्षं, जे आधी येईल ते. म्हणजे तुमच्या हाती तीनच वर्षं उरतात. इंधनाच्या नळ्या, कूलंटचे होज, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारे रबरी सॉकेट दर 5 वर्षांनी बदलायचे असतात. लॉगबुकात हे काम दोनदा झाल्याची नोंद हवी. मग कार्ब्युरेटर हाताने हलकेच कलता करा आणि सॉकेटच्या कडेवर बॅटरी मारा. माझ्या पहिल्या विमानात तिथे नखाएवढी चीर होती; समोरून रबर अगदी नवं दिसायचं. अशा चिरेतून जादा हवा आत ओढली जाते आणि इंजिन अडखळतं.

शिवाय कोकणची खारी हवा. सांगाड्याच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या जोडांवर पांढरी भुकटी दिसली तर तो गंजच. मेकॅनिककडून बोल्ट काढवून भोकाच्या आत पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

प्रश्न : पंखांचं कापड नुसतं बघून पारखता येतं का?

उत्तर : नाही. डॅक्रॉनला, म्हणजे पंखांच्या पॉलिएस्टर कापडाला, ऊन खातं. पंखाच्या वरच्या-खालच्या बाजूंचा रंग ताडून पाहा. वरची बाजू फारच विटली असेल तर विमान बराच काळ उघड्यावर होतं. खात्री बेट्सोमीटर या कापड तपासायच्या साधनानेच होते. त्यात कापडात सुई टोचून स्प्रिंगकाट्याने ठरावीक ताण देतात. शिवणीचीही चाचणी करून घ्या. मालक आढेवेढे घेत असेल तर परत फिरा.

प्रश्न : मालक म्हणतात, कागद नंतर देतो.

उत्तर : मग पैसेही नंतर द्या. लॉगबुकं आधी हातात घ्या, आणि डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी तुमच्या नावावर झाल्याशिवाय उडवू नका.

प्रश्न : मुलीला शेपटीवर मोठ्या अक्षरांत ‘टिटवी’ लिहायचंय. आजी म्हणते, टिटवी अशुभ. काय करावं?

उत्तर : मला हे नाव फार आवडलं. बंगळुरूच्या राजहंस कंपनीने आपल्या मायक्रोलाइटला ‘हनुमान’ म्हटलं, स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं विमान आपल्याकडे ‘गरुड’ झालं. मग टिटवी का नको? ती उघड्या माळावर अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की ओरडून सावध करते. यात अशुभ काय आहे? ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण आजींनाही ठाऊक असेल, त्यांना तिची आठवण करून द्या.

पण नाव शेपटीवर नको. शेपटीचे रडर, एलिव्हेटर आणि पंखांचे एलेरॉन या विमान वळवणाऱ्या हलत्या भागांवर रंगाचं वजन वाढलं तर त्यांचा तोल बिघडतो. कापडावर थिनरचा रंगही नको. व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं झाकू नका. रेडिओवर तुमची ओळख तीच. नाव नाकाच्या फायबरवर लावा, मुलीचा हातही तिथे सहज पोचेल.