जुन्या तबकड्या घेताना

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात भर घालण्यासाठी नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या मुंबईत घ्यायच्या आहेत. कोठे जावे आणि काय पारखून घ्यावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नव्या कोऱ्या विनाइल (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) तबकड्या आणि त्या वाजवण्याचे यंत्र हवे असेल, तर माहीमचे ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’ हे दुकान सोयीचे आहे, परंतु आपल्याला हवा तो जुना माल चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर शोधावा लागेल आणि तेथे घासाघीस ओघाने आलीच. शुक्रवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात.

तबकडी वेष्टनातून काढून प्रकाशात तिरपी धरावी, म्हणजे सुईने पाडलेले ओरखडे आणि दमट हवेने आलेली बुरशी दोन्ही दिसतात. बुरशी बहुधा धुऊन जाते, खोल ओरखडा मात्र जात नाही. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून ती वाकलेली नाही ना, हेही पाहावे. वेष्टन देखणे असले म्हणून भुलू नये.

जुने नाट्यसंगीत बरेचसे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेपासून केलेल्या तबकड्यांवर आहे. या तबकड्या पडल्या की फुटतात. शिवाय त्यांच्या खाचा रुंद असल्याने एल.पी.ची (नंतरच्या काळातील विनाइल तबकडीची) बारीक सुई त्यांना चालत नाही, म्हणून घरच्या यंत्रावर ७८ची गती आणि वेगळी सुई आहे का, याची खात्री खरेदीपूर्वीच करावी. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते.