कंट्रोल्ड आउटलेटऐवजी टेबलावर सेन्सरवाली पॉवर स्ट्रिप चालेल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या तुमच्या नव्या ऑफिसात ॲशरे ९०.१ या वीजबचतीच्या मानकाप्रमाणे निम्मे आउटलेट माणसं नसताना आपोआप बंद होणारे, म्हणजे 'कंट्रोल्ड', लागतात, त्याऐवजी सेन्सरवाल्या पॉवर स्ट्रिप ठेवल्या तर चालेल का.

नाही चालणार. आउटलेटमध्ये खोचायचं उपकरण या अटीत धरतच नाहीत.

पण निम्मे मोजून बसवले म्हणजे झालं, असंही नाही. मी डिझाइन केलेल्या एका ऑफिसात प्रत्येक टेबलापाशी दोन जोड्या होत्या, एक कंट्रोल्ड, एक कायम चालू. तोंडावरच 'कंट्रोल्ड' छापलेले रिसेप्टॅकल, म्हणजे प्लग खोचायचे सॉकेट, मी मागितले होते. माझ्या वरिष्ठांनी ते खोडलं. म्हणाले, साधे रिसेप्टॅकल घ्या, भोवतीची झाकणाची प्लेट छापील लावू, स्वस्त पडेल. शेवटच्या आठवड्यात रंगारी आले, सगळ्या प्लेट काढून एका खोक्यात टाकल्या आणि हाताला येतील तशा परत लावल्या.

हिशेब विभागातल्या एका बाईंचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद पडायचा. महिनाअखेरचं काम दोनदा गेलं. कॉम्प्युटर बदलून दिला, तरी तेच. शेवटी मी टेस्टर घेऊन एका संध्याकाळी सगळे गेल्यावर बसलो. २० मिनिटांनी सेन्सरने वीज तोडली, मग एकेक आउटलेट तपासला. चौदा ठिकाणी प्लेट एक सांगत होती, वायर दुसरंच. तोवर लोकांनी विश्वास सोडून कायम चालू असलेल्या आउटलेटवर एक्स्टेंशन ओढल्या होत्या. म्हणजे ज्या बचतीसाठी एवढं वायरिंग केलं, ती गेलीच.

वरिष्ठ अजूनही म्हणतात, रंगाऱ्यांची चूक. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. प्लेट ही काढायचीच वस्तू आहे. एनईसी या अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमावलीच्या ४०६.३(ई) मध्येही खूण रिसेप्टॅकलच्या तोंडावर आणि बसवल्यावर दिसेल अशी मागितली आहे. हे वाक्य कॉन्ट्रॅक्टरच्या करारात घाला आणि कोणी 'प्लेटवर लिहू' म्हणालं तर ऐकू नका.

हो, २४ तास चालणाऱ्या उपकरणांच्या आउटलेटना सूट आहे. माणसं गेल्यावर सेन्सरने वीज तोडायची मुदत ॲशरेच्या २०१० च्या आवृत्तीत ३० मिनिटं होती, २०१३ मध्ये २० झाली, त्यामुळे तुमच्या राज्यात कोणती लागू आहे ते आधी बघा. कॅलिफोर्नियात असाल तर टायटल २४ हा त्या राज्याचा बांधकामाचा नियम लागतो. तिथे निम्म्यांचा हिशेब नाही, ऑफिसात साध्या आउटलेटपासून ६ फुटांच्या आत कंट्रोल्ड हवा, नाहीतर एकाच जोडीतला एक कंट्रोल्ड. तपासणी मात्र रंगकाम संपल्यावर, फर्निचर यायच्या आधी करा.